कोरफडीबद्दल राहून गेलेलं



तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नांच्या तारखा निघायला लागतात आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूरही बदलतो. एरवी कैरीचं लोणचं मऊ का पडलं, चकली तेलात का विरघळली, असे प्रश्न असतात. यंदा मात्र तीन वाचक-मैत्रिणींनी जवळजवळ एकच गोष्ट विचारली आहे. मुलगी किंवा होणारी सून चेहऱ्यावरचे केस काढण्यासाठी लेसर करून घेते आहे. नंतर त्वचा लाल होते, आग होते. ती होऊच नये म्हणून कोणतं हर्बल जेल लावावं? वडोदऱ्याच्या ताईंनी तर पुढे लिहिलंय, "तुम्हीच कोरफडीवर लिहिलं होतंत, म्हणून तुम्हालाच विचारते."

हो, लिहिलं होतं. कुंडीतल्या कोरफडीचं कौतुक करण्याच्या भरात "भाजलं, सोललं, लाल झालं, आधी कोरफड लावा" असं एक वाक्य मी ठोकून दिलं होतं. ते वाक्य अर्धवट होतं. राहिलेलं अर्धं मला कसं कळलं, ते आज सांगते. त्यात माझी चूक आहे आणि ती माझ्या भाचीच्या चेहऱ्यावर सात-आठ महिने दिसत होती. तिला विचारूनच लिहिते आहे. "नाव घालू नकोस, बाकी सगळं लिही," म्हणाली.

भाची सत्तावीस वर्षांची, बँकेत नोकरीला. हसरी, बडबडी. पण एका गोष्टीबद्दल ती घरात कधी बोलली नव्हती. पीसीओएसमुळे तिच्या हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला जाड, काळे केस यायचे. दर चार-पाच दिवसांनी थ्रेडिंग. पर्समध्ये कायम चिमटा. बँकेच्या स्वच्छतागृहातल्या आरशात दुपारी एकदा तपासणी. फोटो काढताना हनुवटीखाली हात. आम्हाला वाटायचं, ही तिची पोज आहे! माझी बहीण तिला म्हणायची, "सारखी काय आरशात बघतेस गं?" आणि ती हसून विषय बदलायची. लग्न ठरल्यावर तिने स्वतःच्या पगारातून लेसर सुरू केलं, तेही घरात न सांगता.

तिसऱ्या वेळेला ती तिथून थेट माझ्याकडे आली. मे महिना, दुपारचे दोन. इंदूरच्या पोरी उन्हात स्कूटीवर निघतात तेव्हा चेहऱ्याला ओढणी अशी आवळून बांधतात की फक्त डोळे दिसावेत. हिनेही तशीच बांधली होती. ओढणी सोडली तर हनुवटी आणि गाल लालबुंद, केसांच्या मुळाशी बारीक बारीक फुगवटे. ती पहिल्यांदाच मला सगळं सांगत होती, डोळ्यांत पाणी होतं. आणि मी काय केलं? तिचं बोलणं पुरतं व्हायच्या आत उठून गच्चीत गेले, कोरफडीचं जाडजूड पान तोडलं, सुरीने मधोमध चिरलं आणि ते पानच तिच्या गालावर चोळलं. वर वाटीत चिमूटभर हळद कालवून तीही लावली. पंख्याखाली बसवलं आणि म्हटलं, "बघ आता, तासाभरात निवेल."

थोडा वेळ गार वाटलं. रात्री खाज सुटली. सकाळी जबड्याच्या कडेला पुरळ आणि दोन-तीन ठिकाणी पाण्याने भरलेले बारीक फोड. मी बाजारातून हिरव्यागार जेलची बाटली आणली. ते लावल्यावर ती "झोंबतंय" म्हणून ओरडली. मग कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय एक ट्यूब आली, "आराम पडेल" या शब्दांसह. आराम पडलाही. लाली दोन दिवसांत गेली. आम्ही ती ट्यूब दोन आठवडे वापरली. तोवर फोडांच्या जागी आणि जबड्याच्या कडेने तपकिरी-करडे डाग उमटले होते. लग्नाला सहा महिने होते.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तपासून झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न मला विचारला, "कोरफडीचं पान कसं चिरलंत?" मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलंय. वनस्पतीच्या पानाचे थर फळ्यावर काढून दाखवलेत. पण त्या प्रश्नाचं उत्तर देताना माझी जीभ अडखळली.

आता नीट सांगते. आधी लेसरचं.

लेसर केस जाळतो असं आपण म्हणतो, पण तो काम करतो रंगावर. केसाच्या मुळाशी मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य असतं. ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश ते शोषून घेतं, तापतं आणि ती उष्णता केसाच्या मुळाला निकामी करते. आजूबाजूची त्वचा वाचावी म्हणून प्रकाशाचा झोत क्षणाच्या बारीकशा अंशापुरताच सोडतात. ही कल्पना अमेरिकेतल्या अँडरसन आणि पॅरिश या दोघांनी १९८३ मध्ये मांडली. आजचे त्वचेचे बरेचसे लेसर तिच्यावरच उभे आहेत. केस वाढीच्या अवस्थेत असेल तरच त्याच्या मुळापर्यंत मार बसतो. सगळे केस एका वेळी त्या अवस्थेत नसतात, म्हणून चार-सहा आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ वेळा जावं लागतं. पांढऱ्या केसात रंगद्रव्यच नसतं, त्यामुळे माझ्या हनुवटीवरच्या दोन पांढऱ्या केसांना लेसर काही करू शकत नाही. ते माझ्याबरोबरच राहणार.

अडचण अशी की हेच मेलॅनिन आपल्या कातडीतही असतं. गोऱ्या युरोपीय त्वचेपेक्षा आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत बरंच जास्त. प्रकाशाला केसाचं मेलॅनिन कोणतं आणि कातडीचं कोणतं हे कळत नाही. म्हणून आपल्यासाठी यंत्राची निवड महत्त्वाची. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर त्वचेच्या वरच्या थरातल्या रंगद्रव्यात कमी शोषला जातो, खोल जातो, म्हणून सावळ्या त्वचेला जास्त सुरक्षित मानतात. ८१० नॅनोमीटरच्या आसपासचा डायोड लेसरही आपल्याकडे खूप वापरतात, पण ऊर्जा बेताची आणि त्वचेला थंडावा देत. ७५५ नॅनोमीटरचा अलेक्झांड्राइट गोऱ्या त्वचेला मानवतो, आपल्याकडे तो जपून वापरावा लागतो. उन्हाने रापलेल्या चेहऱ्यावर तर कोणताही लेसर जोखमीचाच.

आपल्या त्वचेचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे तिला राग आला की ती डाग सोडते. डास चावला, पुळी फुटली, तव्याचा चटका बसला की नंतर महिनोन्‌महिने काळपट खूण राहते, हे आपण सगळे पाहतो. दाह झाला की रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी जास्त काम करतात. म्हणून लेसरनंतरची जळजळ टाळायची ती नुसती आराम वाटावा म्हणून नाही, पुढचे डाग टळावेत म्हणून. तीन ताईंचा प्रश्न म्हणून मला योग्य वाटतो. फक्त त्याचं उत्तर जेलच्या बाटलीत फार थोडं आहे.

लेसरनंतर काही तास, फार तर एक-दोन दिवस केसांच्या मुळाशी लाली आणि बारीक फुगवटे राहणं हे अपेक्षितच आहे. मुळाला मार बसल्याची ती खूण. माझी भाची आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर तेवढंच होतं. काही न करता, गार पाण्याच्या घडीने ते बहुधा निवळलं असतं.

आता कोरफड. मराठी घरात कोरफड, आमच्या माळव्यातल्या शेजाऱ्यांकडे ग्वारपाठा. त्याची भाजीही करतात. पान आडवं चिरून बघा. बाहेर हिरवी साल. तिच्या लगेच आत पिवळसर, कडू, दुर्गंधी चीक. आणि मधे पारदर्शक गर. हे तीन थर म्हणजे तीन वेगळ्या वस्तू आहेत. गरात जवळजवळ ९८-९९ टक्के पाणी आणि उरलेल्यात मुख्यतः बुळबुळीत बहुशर्करा. गार वाटतं, ओलावा टिकतो तो यामुळे. पिवळ्या चिकात ॲलॉइन आणि त्याच्या जातीची तीव्र रसायनं असतात. हा चीक वाळवून जो काळा गोळा होतो तोच काळा बोळ. रेचक म्हणून तो किती जालीम, हे जुन्या बायकांना माहीत होतं. म्हणजे मी भाचीच्या नुकत्याच लेसर केलेल्या गालावर पान चोळलं तेव्हा गराबरोबर कच्चा काळा बोळही चोळत होते. हा चीक नाजूक त्वचेला चुरचुरतो, पुरळ आणतो. वर सालीच्या कडेचं घासणं, वर हळद. हळदीतल्या कर्क्युमिनची ॲलर्जी असणारी माणसंही असतात.

डॉक्टरीणबाई न्यायी होत्या. "फोड कशाने आले हे मी आता बोट ठेवून सांगू शकत नाही," म्हणाल्या. "यंत्राची ऊर्जा जास्त झाली असेल, भर उन्हात आली, ओढणी आवळलेली होती, त्यात पान, त्यात हळद, मग वासाचं जेल. एकेक गोष्ट चालून गेली असती. सगळ्या मिळून चालल्या नाहीत."

मग कोरफडीत गुणच नाही का? आहे, पण जेवढा आहे तेवढाच. किरकोळ भाजल्यावर कोरफड लावलेल्या जखमा लवकर भरतात का, हे तपासणाऱ्या चार अभ्यासांचा एकत्र आढावा २००७ मध्ये निघाला. त्यातल्या ३७१ रुग्णांमध्ये कोरफडीच्या बाजूने कल दिसला. पण कर्करोगाच्या किरणोपचारांनी होणारा त्वचेचा दाह कोरफडीने टळतो का, हे अमेरिकेत तपासलं, तेव्हा कोरफडीचं जेल आणि कोरफड नसलेलं तसंच दिसणारं जेल यांत फरक पडला नाही. तो अहवाल १९९६ चा. यातून मी एवढं शिकले की जेल लावल्यावर जे बरं वाटतं त्यात गारव्याचा आणि पाण्याचा वाटा मोठा असतो, पाटीवर वनस्पतीचं नाव कुठलंही असो. खास लेसरनंतर वापरायच्या कोरफडीवरचे अभ्यास लहान आहेत. त्यांच्या जोरावर कुणी "लाली होणारच नाही" अशी हमी देत असेल तर ती जाहिरात समजावी.

दुसरं नाव हल्ली बाटल्यांवर दिसतं, कॅलेंड्युला. याच्या बाजूने एक चांगला अभ्यास आहे, तोही लेसरचा नसून किरणोपचारांचा. फ्रान्समध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या २५४ रुग्णांवर केलेला तो अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅलेंड्युलाचं मलम लावणाऱ्यांपैकी ४१ टक्के बायकांना मध्यम किंवा तीव्र दाह झाला, दुसरं मलम लावणाऱ्यांत ६३ टक्के. फरक लक्षणीय आहे. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कॅलेंड्युला म्हणजे दसऱ्याच्या तोरणातला आपला झेंडू नव्हे. तो टॅजेटिस, मूळचा मेक्सिकोचा. त्यात उन्हाबरोबर त्वचेला त्रास देणारी द्रव्यं असतात. तेव्हा "कॅलेंड्युला महाग, दारातला झेंडू वाटून लावते" असं कृपा करून कुणी करू नका. दुसरं म्हणजे कॅलेंड्युला, कॅमोमाइल, शेवंती आणि आपलं ते कुप्रसिद्ध गाजरगवत ही सगळी एकाच कुळातली. पुण्याजवळ १९५० च्या दशकात पहिल्यांदा नोंदलं गेलेलं हे गवत आता देशभर पसरलंय आणि त्याच्या ॲलर्जीने हजारो लोक खाजवत असतात. ज्यांना गाजरगवताचा त्रास आहे त्यांनी या कुळातल्या फुलांचं काहीही चेहऱ्याला लावण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

तिसरी मंडूकपर्णी. आपल्याकडे बरेच जण तिलाच ब्राह्मी म्हणतात, पाणथळ जागी पसरणारी, गोल पानांची. तिचा अर्क हल्ली कोरियन क्रीममध्ये 'सेंटेला' किंवा 'सिका' नावाने येतो. तिच्यातली द्रव्यं जखम भरून येण्याला मदत करतात. चांगल्या कंपनीच्या, वास नसलेल्या क्रीममध्ये ती असेल तर हरकत नसते. पण घराच्या मागची पानं वाटून लावणं निराळं.

"वनस्पतीचं आहे, अपाय काय होणार?" हे वाक्य मीच शंभर वेळा बोलले असेन. पण बिब्बा वनस्पतीच ना? धोबी कपड्यावर ज्याची खूण करायचा तो. कातडीला लागला तर भाजल्यासारखा फोड येतो. खाजकुयली वनस्पतीच. बावचीचं तेल लावून उन्हात बसवलं की त्वचेत रंग भरतो, म्हणून कोडावर वापरतात. तेच लेसरनंतर लावून कुणी उन्हात गेली तर? लिंबाचा रस लावून उन्हात जाणाऱ्यांनाही असेच डाग येतात. आपल्या आज्या-पणज्यांना हे माहीत होतं. त्या बिब्बा जपून हाताळायच्या. आपण मात्र त्यांची औषधं घेतली आणि त्यांची भीती विसरलो.

आता बाजारातल्या बाटलीकडे. माझी हिरवी बाटली मी नंतर भिंग घेऊन वाचली. घटकांची यादी जास्त प्रमाणापासून कमीकडे जाते. कोरफडीचा गर रंगहीन असतो, हिरवा रंग वरून घातलेला असतो. माझ्या बाटलीत पाण्यानंतर अल्कोहोल होतं, म्हणून पोरगी ओरडली. मग सुगंध, दोन रंग. कोरफड शेवटून तिसरी. चित्रात मात्र पान केवढं मोठं! तेव्हा घ्यायचंच असेल तर रंग, सुगंध आणि अल्कोहोल नसलेलं घ्या. टिकवणारं द्रव्य असतं म्हणून घाबरू नका. पाणी असलेल्या वस्तूत ते नसेल तर जंतू वाढतात. आयुर्वेदिक औषध असेल तर लेबलवर उत्पादन परवान्याचा क्रमांक असतोच. नुसतं 'हर्बल' असं छापलेल्या, पत्ता नसलेल्या, ओळखीतून मिळालेल्या डब्या घेऊ नका. "हर्बल" म्हणून विकलेल्या क्रीममध्ये न सांगता स्टिरॉइड घातल्याची प्रकरणं जगात अनेक ठिकाणी उघडकीला आली आहेत. जादूसारखा गुण आला तर आधी शंका घ्या.

आणि कोणतंही जेल लेसर झाल्यावर पहिल्यांदा लावू नका. लेसरच्या आधी आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत दिवसातून दोनदा लावून बघा. खाज, लाली, पुरळ काही नाही, तरच पुढे.

आमची सर्वात मोठी चूक ती ट्यूब होती. त्यात तीव्र स्टिरॉइड, शिवाय बुरशीवरचं आणि जंतूंवरचं औषध, असं मिश्रण होतं. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून २०१८ मध्ये सरकारने नियम कडक केले, तरी दुकानात मिळतात. कधी कधी डॉक्टर लेसरनंतर दोन-तीन दिवस सौम्य स्टिरॉइड देतात. ते मोजून दिलेलं औषध आहे. आपण मनाने आठवडेच्या आठवडे चेहऱ्यावर तीव्र स्टिरॉइड चोपडलं की कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुळ्या येतात आणि गंमत म्हणजे केसही वाढू शकतात. ज्यासाठी सगळं केलं तेच उलट.

मग जळजळ टाळायला खरं काय कामी येतं? डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं आणि नंतर मी पडताळून घेतलेलं देते.

आधी: लेसर कोण करतंय ते विचारा. त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली आहे का, यंत्र कोणतं, आपल्या रंगाच्या त्वचेवर त्यांनी काम केलंय का. आधी छोट्या जागी चाचणी करायला सांगा. महिनाभर आधीपासून वॅक्सिंग, थ्रेडिंग, चिमटा बंद, कारण मूळच उपटलं तर लेसरला तापवायला काही उरत नाही. रेझर चालतो. (केस रेझरने जाड होत नाहीत, हा आपला जुना समज.) ऊन टाळा. चालू असलेली औषधं, क्रीमं, ब्लीच सगळं सांगा. काही लपवू नका. आणि पीसीओएस असेल तर हॉर्मोनचे उपचारही सुरू हवेत. लेसर केस काढतो, ते उगवण्याचं कारण काढत नाही.

करताना: भाजल्यासारखं असह्य वाटलं तर "सहन कर" असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका, थांबवायला सांगा. रबराची टिचकी बसल्यासारखं वाटणं ठीक, चटका नको.

नंतर: स्वच्छ रुमालात गुंडाळलेली गार पिशवी दहा-दहा मिनिटं. बर्फ थेट कातडीला नाही. वास नसलेलं साधं मॉइश्चरायझर. एक-दोन दिवस गरम पाण्याने आंघोळ, वाफ, व्यायामाचा घाम, स्क्रब, मेकअप बंद. आमच्याकडच्या मुलींनी ओढणी सैल आणि सुती ठेवावी, आणि जमलं तर संध्याकाळची वेळ घ्यावी. एसपीएफ ३० किंवा जास्त असलेलं सनस्क्रीन रोज, पुढचे कित्येक आठवडे. डागांपासून वाचवण्यात सनस्क्रीन एवढं काम करतं की माझ्या मते जेलचे पैसे तिकडेच घालावेत. खपली आली तर नखाने काढू नका. फोड आले, दुखणं वाढत गेलं, पू दिसला, लाली दोन-तीन दिवसांत उतरली नाही, तर डॉक्टर. मावशी नको.

हे सगळं केस काढण्याच्या लेसरबद्दल झालं. व्रणांवर, मुरुमांच्या खड्ड्यांवर करतात तो कार्बन डायऑक्साइड लेसर वेगळा. तो त्वचेवर बारीक बारीक जखमाच करतो. त्यावर घरातलं काहीही, कितीही शुद्ध असलं तरी, अजिबात लावायचं नाही. डॉक्टर देतील तेवढंच.

भाचीचं पुढे काय झालं? लेसर काही महिने थांबवला. ट्यूब बंद केल्यावर पहिले पंधरा दिवस चेहरा जास्तच लाल झाला, खूप रडली. मग सनस्क्रीन, डॉक्टरांनी दिलेलं एक क्रीम आणि वाट बघणं. लग्नाच्या दिवशी डाग फिके झाले होते, पण होते. पूर्ण जायला पुढचे आणखी दोन महिने गेले.

हळदीच्या दिवशी प्रश्न आला. चेहऱ्याला हळद लावायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आता हळदीच्या दिवशी नवरीच्या चेहऱ्याला हळद नाही, म्हणजे काकवा-आत्यांना काय सांगायचं? माझी बहीण काहीतरी सबब शोधत होती. भाचीने स्वतःच सांगितलं, सगळ्यांसमोर, "मला हनुवटीवर केस येतात, त्यासाठी लेसर केलंय, म्हणून हळद पायाला आणि हाताला लावा." मांडवात क्षणभर शांतता. मग तिची आत्येसासू, साठीची बाई, हळदीची वाटी घेऊन पुढे आली, हिच्या पावलांना हळद लावली आणि म्हणाली, "मी चाळीस वर्षं दारं लावून चिमट्याने उपटतेय गं." त्या दिवशी मांडवात आणखी दोघीजणींनी आपापलं सांगितलं. नवऱ्यामुलाला तिने हे आधीच, साखरपुड्यानंतर सांगितलं होतं, हे मला मागाहून कळलं.

लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा गच्चीत कोरफडीच्या कुंडीपाशी उभी होती. मी म्हटलं, "उपटून टाकू का गं ही?" तर म्हणाली, "तिचा काय दोष? मावशी, मी त्या दिवशी तुझ्याकडे औषधाला आले नव्हते. मला फक्त कुणाला तरी सांगायचं होतं. तू मला विचारलंसुद्धा नाहीस दुखतंय का, डायरेक्ट पान आणायला गेलीस."

कुंडी अजून आहे. आता मी पान तोडलं की पंधरा मिनिटं पेल्यात उभं करून ठेवते. खाली पिवळा चीक उतरतो, तो ओतून देते, पान धुते, साल जाड सोलते आणि फक्त मधला गर घेते. तोही धड त्वचेसाठी, त्याच दिवशी वापरायला. फ्रीजमध्ये आठ-आठ दिवस ठेवायचा नाही. लेसर केलेल्या चेहऱ्यासाठी तर नाहीच.

तेव्हा वडोदऱ्याच्या ताई, आणि तुम्ही दोघी, उत्तर असं आहे: मुलीला आधी विचारा, तिला काय होतंय आणि ती कुठे जाते आहे. पहिल्या भेटीला तिच्याबरोबर जा, तिला चालत असेल तर. जेलपेक्षा सनस्क्रीन आणि गार घडी जवळ ठेवा. आणि माझ्या जुन्या लेखातलं ते वाक्य खोडून टाका.

पुढच्या अंकात बोलूया हिवाळ्यातल्या गराडूबद्दल. तो सोलताना हातांना खाज सुटते त्याला काय करावं, हेही एकीने विचारलंय. यावेळी मी आधी विचारून, मग लिहीन.